मनकर्णाबाईंची तिसरी हाक

पहिली हाक आली तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. दुपारचे बारा. पुढच्या खोलीतून बाईचा आवाज आला, "मनकर्णाबाई, आपलं संरक्षण सात दिवसांत संपत आहे."

मनकर्णाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते.

आवाज आमच्या कॉम्प्युटरचा. तीन वर्षांपूर्वी माझ्या अर्पितानं त्यात अँटिव्हायरस टाकला. त्यानं मालकाचं नाव विचारलं, तर पोरीनं गमतीनं शेजारी बसलेल्या आजीचंच नाव घातलं, आणि आजीला वाचता येत नाही म्हणून आवाजही चालू केला. मग तो "मनकर्णाबाई, तपासणी पूर्ण झाली" म्हणाला की सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "हाव, ऐकलं." त्या गेल्यावर मी आवाज बंद केला होता. निदान मला तरी तसं आठवतं.

सासरे, वामनराव, खिडकीपाशी बाजेवर बसले होते. त्यांना आता दिसत नाही, ऐकू मात्र मुंगी चाललेलीही येते.

"कोनी ओ देली काय?" त्यांनी विचारलं.

"नाही मामाजी. मशीन आहे ते."

"असू दे. बाराच्या हाकेले ओ द्याची नाही."

हे मला लग्न होऊन उंद्रीत आले तेव्हाच शिकवलं गेलं होतं. भर दुपारी कोणी नावानं हाक मारली तर दोनदा गप्प बसायचं. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं जे काही असतं, ते दोनदाच मारतं, आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं.

चार दिवसांनी, पुन्हा बारालाच, "मनकर्णाबाई, आपलं संरक्षण तीन दिवसांत संपत आहे."

"दोन झाल्या," मामाजी म्हणाले.

संध्याकाळी ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "अविनाश, तिसरी आली तं ते तिच्याकडूनच समज. मी ओ देईन अन् जाईन." चिखलीच्या एसटीनं जायचं असावं, इतक्या सहज.

"बाबा, ते कंपनीचं हाये," हे हसले. "ओ देली तं फार तं फार नवीन पाकीट घ्या म्हनन."

मला हसू आलं नाही. त्याच सकाळी मामाजींनी पेटीची किल्ली माझ्या हातात दिली होती आणि कोरं धोतर काढून ठेवायला सांगितलं होतं. ताटातली भाकरी तर पहिल्या हाकेपासून अर्धीच उरत होती.

मी चिखलीहून अँटिव्हायरसचं नवीन पाकीट मागवलं. मुदत संपायच्या आदल्या दुपारी मामाजींचा डोळा लागल्यावर कॉम्प्युटरपुढे बसले. हे यंत्र मी अर्पिताच्या जुन्या वहीवरून शिकलेय. आता गावातल्या बायका फॉर्म भरायला माझ्याकडे येतात. पाकिटातला नंबर टाकला. त्यानं नाव विचारलं. रकाना रिकामा सोडू देईना. इतक्या जणींची नावं भरणारी मी, तिथं हात अडला. नवऱ्याचं लिहवेना, पोरीचं तर नाहीच नाही. शेवटी माझं लिहिलं, सुचिता. आवाज बंद केला. पुन्हा उघडून पाहिलं, बंदच होता.

दुसऱ्या दिवशी मामाजी आंघोळ करून, कोरं धोतर नेसून कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसले. साडेअकराला लाइन गेली. इतका आनंद मला लाइन आल्याचाही कधी झाला नाही.

"लाइन गेली, मामाजी. आज काही ते बोलत नाही."

"बरं," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

मी पिनही काढून ठेवली. पंखा थांबला होता, शेजारची बकरी रवंथ करत होती तेही ऐकू येत होतं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले.

"मनकर्णाबाई."

एवढंच. संरक्षणाचं काही नाही, दिवसांचं काही नाही. आवाज तोच, पण सावकाश. परसात गेलेल्या बाईला जेवायला बोलवावं तसा.

मामाजींनी हनुवटी वर केली. चेहरा इतका मोकळा झालेला मी चौदा महिन्यांत पाहिला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं.

"ओ," मी म्हणाले.

मीच म्हणाले, हे माझं मला ऐकू आल्यावर कळलं.

मामाजींचं तोंड मिटलं. काळ्या पडद्यातून पुन्हा काही आलं नाही.

"काऊन देली वो तू?"

"तुमचं जेवण व्हायचंय अजून."

त्यांनी दीड भाकरी खाल्ली.

दोन वाजता लाइन आली. पिन लावली. पडद्यावर अक्षरं उमटली, आवाज न करता: सुचिता, आपण सुरक्षित आहात. तीनशे चौसष्ट दिवस शिल्लक.

मागून बाज करकरली.

"आता कोनाचं नाव हाये त्याच्यात?"

"माझं."

मामाजी धोतराची किनार बोटांनी चाचपत राहिले.

"मंग पुढच्या साली तू गप राह्यजो," ते म्हणाले. "ओ मी देईन."