धोंडिरामाचा त्याग

धोंडिराम कोरेगावच्या शिबिरात दहा दिवसांपुरता श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू झाला, मुंडण करून, चीवर नेसून राहिला आणि कुपवाडला परत येऊन भामाबाईच्या डोक्याला ताप झाला. कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, काम ना धंदा. आमटी अळणी लागली की म्हणायचा, "चवीची आसक्ती सोडलीय मी." आणि वर मीठ मागून घ्यायचा.

भामाबाई दोन दिवस मलकापूरला बहिणीकडे जाऊन आली, तर शिलाई मशीन जागेवर नव्हती. याच मशीनवर रात्रंदिवस कपडे शिवून तिने पोरगी नर्स केली होती.

"विहाराला दान दिली," धोंडिराम मांडी ठोकून बसत म्हणाला. "समदं अनित्य हाय, भामे. माझं आसं या जगात कायच न्हाई."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याची आरामखुर्ची, मोबाइल, दोन-दोन घड्याळं सगळं जागच्या जागी होतं. अनित्यतेला नेमकी बायकोचीच वस्तू सापडली होती.

"सोमवारी चाळीस पोरांचं गणवेश द्यायचं हायती. कशावर शिवू?"

"त्योच मोह सोड," म्हणत त्याने चहा मागितला. तो काही त्याला मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. विहारात पंचशील म्हणताना धोंडिरामाचा आवाज सगळ्यांच्या वर. दुसऱ्या शीलाला, न दिलेलं घेणार नाही म्हणताना, तर त्याला जास्तच चेव आला. मग भन्तेजींनी मशीनच्या दानाचं कौतुक केलं. धोंडिरामाने नम्रपणे मान खाली घातली आणि कोण कोण बघतंय ते तिरप्या नजरेने पाहून घेतलं.

भामाबाई उठली. चार माणसांत ती कधी बोलली नव्हती.

"भन्तेजी, मशीन माझी हाय. मला कुणी इचारलं न्हाई."

"घरातलीच की," धोंडिराम हसला. "तिचं आन माझं येगळं हाय का?"

"आवं, काल म्हणला, माझं आसं कायच न्हाई. मग दान दिलं ते कुणाचं?"

भन्तेजी धोंडिरामाकडे वळले. "उपासक, दुसरं शील पुन्हा म्हणा."

त्याने म्हटलं, पण या वेळी त्याचा आवाज पहिल्या ओळीलाही ऐकू गेला नाही. भन्तेजींनी मशीन भामाबाईला परत द्यायला सांगितलं.

बायकांनी हात लावून मशीन रिक्षात चढवली. भामाबाई तिला धरून शेजारी बसली. धोंडिराम घाम पुसत आला आणि त्याने आत पाय टाकला.

"जागा न्हाई," ती म्हणाली. "तुमी चालत या."