गज्या म्हणायचं नाही

गेट-टुगेदरला यायला गज्याने एकच अट घातली. "बायको बरोबर असेल. तिच्यासमोर मला कोणी गज्या म्हणायचं नाही."

"एवढंच ना," मी म्हटलं. आयोजक मी होतो. म्हणजे ग्रुपवर 'कोण करणार' असं विचारलं तेव्हा सगळे गप्प बसले आणि मी चुकून अंगठ्याचं चित्र पाठवलं.

"आणि हॉकीचा विषय निघाला तर नुसती मान डोलवायची."

"आपल्या शाळेत हॉकी कुठे होती?"

"म्हणूनच सांगतोय," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

बोर्डिंगमध्ये राहिलेल्यांना खरी नावं नसतात. गज्याला हे नाव सातवीत पडलं. बक्षीस समारंभ चालू होता आणि हा वरच्या जिन्यात बसला होता. जिन्याच्या कठड्याला लोखंडी गज होते. त्यातल्या दोन गजांमधून याने डोकं घातलं, ते बाहेर निघेना. दीड तास निघेना. शेवटी वेल्डिंगवाल्याला बोलावून एक गज कापला, तेव्हा डोकं परत मिळालं. पुढे हाच गज्या सरकारी लिफ्ट इन्स्पेक्टर झाला आणि अडकलेल्या लोकांना सोडवण्यात त्याची सगळी नोकरी गेली.

तर मी दिलेला शब्द पाळायला बसलो. एकोणतीस जणांना फोन केले आणि प्रत्येकाला बजावलं, त्याला गज्या म्हणायचं नाही. निम्म्यांना गज्या आठवतच नव्हता. "कोण रे गज्या?" मग काय म्हणायचं नाही हे त्यांना नीट कळावं म्हणून मला जिना, गज, डोकं, वेल्डिंगवाला असं सगळं साग्रसंगीत सांगावं लागलं. सगळ्यांनी शपथेवर कबूल केलं की ते मेले तरी बोलणार नाहीत. अशा रीतीने एकोणपन्नास वर्षांत लोक विसरून गेलेली गोष्ट मी दोन आठवड्यांत घरोघर पोचवली.

फक्त मुक्या स्वतः फोनवर आला नाही. शाळेत हा इतका गप्प असायचा की हजेरीलाही नुसता हात वर करायचा. आता तो गावोगाव फिरून लोकांना आत्मविश्वासावर भाषणं देतो आणि त्याचा फोन सेक्रेटरी उचलते. मी तिला सगळी कथा सांगितली. ती म्हणाली, "हो, हो, जिन्याची ना? सरांना निरोप देते." तिला इतकं चटकन कसं कळलं, असा विचार मी करायला हवा होता. पण अजून अकरा फोन बाकी होते.

शनिवारी सकाळी अकराला हॉटेलच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जमलो. हॉटेलवाल्यांनी प्रत्येकाच्या छातीवर खरं नाव लावलं होतं, त्यामुळे कोणी कोणाला ओळखेना. गज्या आला. करड्या सफारीत, ताठ. शेजारी वहिनी. त्या गणिताच्या बाई म्हणून रिटायर झालेल्या. चष्म्यावरून अशा बघायच्या की आमचा वर्गातला मॉनिटर, जो पुढे युनिव्हर्सिटीचा रजिस्ट्रार झाला होता, तोसुद्धा उठून उभा राहिला.

पहिला पुढे झाला तो आमच्या वर्गातला, आता गुरांचा डॉक्टर असलेला. हात पसरून, आनंदाने फुलून तो म्हणाला, "अरे ग..." आणि मला बघून थबकला. "गुड मॉर्निंग."

मग रांगच लागली. जो येईल तो "ग..." करायचा आणि गुड मॉर्निंग म्हणायचा. बारा वाजून गेल्यावरही चालूच.

"तुमचे मित्र फार शिस्तीचे आहेत," वहिनी म्हणाल्या.

"बोर्डिंगची सवय," गज्या म्हणाला.

मग प्रत्येकाने उठून आपापली माहिती सांगायची, असा कार्यक्रम होता. सगळ्यांची माहिती साधारण एकच निघाली. मुलं दोन, त्यातलं एक परदेशात, गुडघे दोन, त्यातला एक नवा, आणि साखर जेवणाआधी किती नि नंतर किती. एकाने फोनवर नातवाचा फोटो म्हणून चुकून स्वतःच्या मणक्याचा एक्स-रे फिरवला. चार-पाच जण "अगदी तुझ्यावर गेलाय" म्हणाले आणि फोन पुढे दिला.

गज्याने आपलं दोन मिनिटांत उरकलं. नोकरी, मुलगी, जावई, रक्तदाब. मध्येच कोणीतरी म्हणालं, "आणि हॉकी?" एकोणतीस माना डोलल्या. वहिनींनी चष्म्यावरून सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

एवढ्यात मुक्या आला. पांढरा कोट, गालाला चिकटवलेला माईक. हॉल एवढासा, पण माईक त्याने स्वतःचा आणला होता. आल्या आल्या माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तू सांगितलेली गोष्ट सांगतो. सेक्रेटरीने लिहून ठेवलंय, आयोजकांची खास फर्माईश."

मी "नाही, नाही" म्हणेपर्यंत तो मधोमध जाऊन उभा राहिला होता.

"मित्रांनो, आयुष्यात प्रत्येकाचं डोकं कुठे ना कुठे अडकतं," तो म्हणाला. "तुमच्यातल्या कितीजणांना तो जिना आठवतो?"

कोणी हललं नाही. गज्या समोरच्या ग्लासाकडे बघत बसला. त्याचे कान लाल झाले होते आणि ते लपवायला जागा नव्हती.

मुक्याने सगळं सांगितलं. बक्षीस समारंभ, दोन गज, अडकलेलं डोकं, खाली हसणारी शाळा. "पण तो मुलगा घाबरला नाही. त्याने डोळे मिटले. तो स्वतःला म्हणाला, मी या गजापेक्षा मोठा आहे. आणि एका झटक्यात त्याने डोकं बाहेर काढलं." मग तो थांबला. "तो मुलगा, मित्रांनो, मी होतो."

मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. गज्या सुटला होता. डोकं त्याचं, पण बिल दुसऱ्याने स्वतःहून उचललं होतं. मी टेबलाखालून त्याच्या मांडीवर थाप मारली.

वहिनी मात्र हसत होत्या. सकाळपासून पहिल्यांदाच, चष्मा काढून, डोळे पुसत. "किती गोड माणूस आहे हो," त्या गज्याला म्हणाल्या. "स्वतःची फजिती अशी चारचौघांत सांगायची म्हणजे मन मोठं लागतं. नाहीतर तुम्ही. चौतीस वर्षांत शाळेचं विचारलं की नुसती हॉकी."

गज्याने ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग उभा राहिला. मी मागून त्याचा सफारी ओढला, तो ताणला गेला, पण गज्या बसला नाही.

"असं डोकं निघत नाही," तो म्हणाला.

"काय?" मुक्या म्हणाला.

"झटक्याने निघत नाही. आत जाताना कान मागे दुमडतात. बाहेर ओढलं की उघडतात, छत्रीसारखे. झटका दिला तर कान हातात येईल. अडकलेल्या माणसाने हलायचंच नसतं. तू हे लोकांना सांगत फिरतोस?"

"बारा वर्षं सांगतोय. लोक रडतात."

"रडतीलच. गज कापावा लागतो. तेव्हाही कापला होता. वेल्डिंगवाला जेवायला गेला होता म्हणून दीड तास लागला."

"तुला काय माहीत?"

गज्याने एकदा वहिनींकडे पाहिलं. आत्ता खाली बसला असता तरी चाललं असतं. घरी जाऊन सुखाने जेवला असता.

"कारण ते डोकं माझं होतं," तो म्हणाला.

आता जे झालं त्याचा दोष मला देतात, तो मला मान्य नाही. माणसं शब्दाला जागली, एवढंच. गुरांचा डॉक्टर उठला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "नाही वहिनी. हा नव्हताच. देवाशपथ."

"हा तर हॉकी खेळत होता त्या वेळी," दुसरा म्हणाला.

"कॅप्टन होता," तिसरा.

"अरे, मी सांगतोय ना, मीच होतो," गज्या म्हणाला.

"तू गप रे. आम्ही आहोत ना," डॉक्टरने त्याला डोळा मारला.

मुक्यालाही घाम फुटला होता. तो काही खोटं बोलत नव्हता. बारा वर्षं सांगून सांगून त्याचं डोकं खरंच त्या गजात जाऊन बसलं होतं. "मला अजून तो लोखंडाचा वास आठवतो," तो म्हणाला, आणि आवाज अगदी शाळेतल्यासारखा बारीक झाला.

शेवटी मॉनिटर उठला आणि म्हणाला की मतदान घेऊ. हात वर करून घेतलं. मुक्याला सव्वीस मतं पडली, त्याच्या स्वतःच्या धरून. गज्याला एक, तेही त्याचंच. मी आयोजक म्हणून तटस्थ राहिलो. तिघे बाथरूमला गेले होते, या वयात तेवढे असतातच.

"ठराव मंजूर," मॉनिटर म्हणाला. "डोकं मुक्याचं."

गज्या उभाच होता. शाळा सुटल्यापासून पंचेचाळीस वर्षं जे नाव चुकवत फिरला, ते आता मागूनही मिळत नव्हतं.

"भावजी," वहिनी मुक्याला म्हणाल्या, "टाके किती पडले होते?"

"टाके? टाके कशाला? इच्छाशक्तीने..."

"बरं." त्या नवऱ्याकडे वळल्या. "बसा खाली." तो बसला. पेपराचं पान उलटावं तसा त्यांनी त्याचा डावा कान पुढे दुमडला. "चार आहेत. लग्न झाल्यावर मोजले होते मी. हॉकीची काठी लागली म्हणाला होतात."

"हो."

"चौतीस वर्षं विचार करतेय मी, ही कसली काठी, हिला दाते कसे?"



"करवतीचे आहेत," गज्या म्हणाला. "गज कापताना लागलेले. आमच्या शाळेत हॉकी नव्हती."

"होती की," डॉक्टर म्हणाला. "वहिनी, मीच तर गोलकीपर."

"तुम्ही बसा, भावजी," वहिनी म्हणाल्या. डॉक्टर बसला. "मग काय होतं शाळेत?"

"बॅडमिंटन. त्यातही मी बाहेर गेलेली शटल आणून द्यायचो."

 वहिनींनी पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. आम्ही सगळे साठी उलटलेले लोक निकाल लागायच्या आधीच्या पोरांसारखे बसलो होतो.

"मला एक सांगा," शेवटी त्या म्हणाल्या. "एवढं डोकं घालून तुम्ही बघत काय होतात?"

हा प्रश्न एकोणपन्नास वर्षांत कोणी विचारला नव्हता. आम्ही फक्त हसलो होतो. गज्यालाही तो नवीनच असावा.

"कप मोजत होतो," तो म्हणाला.

"कसले कप?"

"बक्षिसाचे. खालून कळायचं नाही, वरून दिसायचं. कप तीनच होते. एकाला द्यायचे, फोटो काढायचा, मग शिपाई मागच्या दाराने तो कप परत टेबलावर आणून ठेवायचा. तोच पुढच्याला. चाळीस मुलांना तीन कपांत बक्षीस दिलं. मी नीट बघायला म्हणून पुढे सरकलो, तर कान आत गेले."

"थांब, थांब," गुरांचा डॉक्टर म्हणाला. "माझा धावण्याचा पहिला नंबर. म्हणाले होते, कपावर नाव घालून पाठवतो. मी मॅट्रिकपर्यंत वाट बघितली."

"तुझा मधला कप. तो अकरा जणांना दिला."

"माझा?" मॉनिटर म्हणाला. "उत्कृष्ट वर्तणूक?"

"तोच. तुझ्या आधी डॉक्टरला दिला होता. त्याच्या बोटांचे डाग पुसून तुला."

एकदम आठ-दहा जण उठून गज्याच्या खुर्चीभोवती आले. प्रत्येकाला आपला कप कुठला ते हवं होतं. आपण काय शपथ घेतली होती ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. "गज्या, माझं सांग," "अरे गज्या, निबंधाचं मोठ्या कपात होतं का?" सगळीकडून गज्या, गज्या. वहिनी ऐकत होत्या आणि त्यांनी आपली खुर्ची थोडी जवळ घेतली होती. मुक्या मागून टाचा उंच करून बघत होता. त्याने गालावरचा माईक काढला आणि हळूच विचारलं, "मागचं दार कुठल्या बाजूला होतं?"

"तू लिहून घेऊ नकोस," गज्या म्हणाला.

"नाही, नाही. नुसतं विचारलं," मुक्या म्हणाला आणि पेन खिशात ठेवलं.

"पुढे काय झालं?" वहिनी म्हणाल्या.

"पुढे मुख्य पाहुणे शिस्तीवर बोलायला उठले. त्यांच्या हातातले कागद मला वरून दिसत होते. तेच पान त्यांनी दोनदा वाचलं, कोणाला कळलं नाही. मी वरून ओरडणार होतो, पण..."

तेवढ्यात वेटर ट्रे घेऊन आला आणि मला म्हणाला, "साहेब, सूप गार होतंय. जेवायला बसताय ना?"

गज्याने त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"थांब जरा," तो म्हणाला. "माझं डोकं अजून आतच आहे."

वेटरने त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सूप परत घेऊन गेला.