सुभद्राबाईचं गुप्तदान

'गुप्तदान' हा शब्द कोनी काढला, त्याच्या तोंडात माती पडो! मी इंद्रभान, डोणगावच्या एका शिक्षण मंडळाचा कारकून. त्या शब्दापायी जे पाप झालं, ते माह्या हातचं हाय.

बासष्टच्या इलेक्शनात मंडळाच्या दोन जीपा गावोगाव फिरल्या. शाळेच्या नावानं आलेला पैसा पेट्रोलात आन् पोस्टरात गेला. पैसा मलकापूरच्या एका कापसाच्या जिनवाल्याचा होता. वहीत मी लिवलं, गुप्तदान. देवळात चालते, तं मंडळात काऊन नाई चालनार?

नाईच चाललं. धर्मादाय कचेरीचं पत्र आलं, देनाऱ्यायची नावं द्या. आमचे सेक्रेटरी उकंडराव म्हने, "अबे, जिनवाल्याचं नाव गेलं तं आपन दोघंही खडी फोडाले जाऊ. गरिबायची नावं टाक. त्यायले कोन इचारते?"

सुभद्राबाई बाजारात भाजी इकत होती. नवरा मेलेला. एकच पोरगी, शेवंता. ते आमच्या बोर्डिंगात नादारीवर, म्हंजे फुकट, राहून सातवी शिकत होती. वर्गात पयली. मायनं एक डाव पदराची गाठ सोडून मंडळाले पाच रुपये देल्ले होते. मी तिच्या नावापुढं दोन हजार लिवले आन् आंगठा घ्याले बाजारात गेलो.

"कायचा आंगठा, बाबू?"

"दान देनाऱ्यायची यादी हाय, बाई."

बाप्पा, काय हासली ते! "माह्यं नाव? पाटलायच्या संगं? शाळेत पाटीवर लावसान का?"

"हाव," म्हनलं मी. हाव म्हनलं! जीभ झडली नाई माही. तिनं आंगठा लुगड्याले पुसला, मंग उठवला. वरून मेथीची जुडी देल्ली.

तपासाले साहेब आले. त्यायनं यादी पाह्यली, बोर्डिंगचं रजिस्टर पाह्यलं. "दोन हजार देणाऱ्या बाईची मुलगी नादारीवर? एक तर दान खोटं, नाहीतर गरिबी खोटी."

"गरिबी खोटी, साहेब," उकंडराव फटकन बोलले. "बाईनं फसवलं आमाले."

साहेबानं माह्याकडं पाह्यलं. घरी माही चार तोंडं. मी मान हालवली. चोर सोडून संन्याशाले फाशी, आन् दोर वळनारा मी!

त्याच दुपारी शेवंताची पेटी बोर्डिंगाबाहेर ठेवली. सुभद्राबाई टोपलं तसंच टाकून धावत आली. मले वाटलं, शिव्या देईन, तोंडावर थुंकन. देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. तिनं हात जोडले.

"चुकलं माह्यं, बाबू. मीच मोठेपना केला, पाटीवर नाव मांगतलं. मले नाई पायजे नाव. देवळात गुप्त ठेवतेत ना? तसं माह्यंबी गुप्त ठेवा. पन पोरीले आत घ्या."

शेवंता पेटीवर बसून माह्याकडं पाहून राह्यली होती. माह्यासमोर बोर्डिंगचं रजिस्टर उघडं होतं. मी तिच्या नावावर रेघ मारली.