पुंडलिकदादांची सून

पुंडलिकदादांचा ट्रक मीरा रोडच्या नव्या टॉवरांना काचा पोहोचवायचा. त्या आठवड्यात दोनदा काचा तडकल्या. खड्डा लागला की ट्रकचं तोंड बराच वेळ डुलत राहायचं. पुढचे शॉकअप गेलेत हे दादांना कळत होतं, पण त्यांचा नेहमीचा मेकॅनिक गावी गेलेला. उरलं काशीमीऱ्याचं ते गॅरेज, जिथं त्यांची सून कृतिका काम करायची.

तिथं जायला त्यांना जड वाटत होतं. आयटीआय केलेली सून ट्रकखाली लोळते, हे त्यांनी भावकीत कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कंपनीत हाय कामाला."

कृतिकानं मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकवर घेतली आणि ती खाली शिरली. डावा शॉकअप निघाला. उजव्याचा खालचा बोल्ट मात्र गंजून बसलेला. पाना सटकला, बोटाची साल निघाली.

"सोड, दुसऱ्या कुनाला बोलव," दादा म्हणाले. "तुझ्यानं न्हाय व्हायचा."

"होईल, दादा. जरा दम धरा."

तिनं बोल्टवर तेल सोडलं, मुरू दिलं, पान्याला लांब पाइप लावला आणि अंगाचा सगळा भार टाकला. कर्रकन बोल्ट फिरला. दादा नकळत पुढं सरकले.

नवे शॉकअप तिनं उभे धरून दाबले, ओढले, आतली हवा जाऊन चाल एकसारखी होईपर्यंत. मग ते बसवले, नट नुसते हातानं सैल लावून ठेवले.

"आवळ की!"

"आधी गाडी चाकांवर उतरू द्या. अधांतरी आवळलं तर जोडातल्या बुशचं रबर पिळवटतं, लवकर फाटतं."

ट्रक खाली आल्यावर तिनं नट गच्च आवळले. दादा हायवेच्या कडेच्या रस्त्यानं चक्कर मारून आले. प्रत्येक खड्ड्यात ट्रक एकदा दबला, वर आला आणि थांबला. इतका शांत ट्रक त्यांनी कित्येक वर्षांत चालवला नव्हता.

गेटवर शिवा ड्रायव्हर ट्रकची चाल बघत उभा होता. "चाचा, शॉकअप किसने डाला? मेरा भी करना है."

"मेरी बहू ने," दादा अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणाले.

"बहू ने?"

"हां, बहू ने! लाइन में रुकने का. अभी वो चाय पिएगी."

हात पुसत असलेली कृतिका जागीच थांबली. दादा तोवर चहा आणायला स्वतःच टपरीकडे निघाले होते.