उलटी वेल

दोन हजार नऊ साली, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून त्या कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं. त्याआधी चोवीस वर्षं त्या याच फाटकातून रोज आत जात होत्या, आणि संध्याकाळी बाहेर पडताना पहारेकरीण त्यांचा डबा उघडून, वास घेऊन, पिशवी उलटी करून बघत होती, की बाईनं एखादी बशी तर लांबवली नाही ना. आता तिथे एक हसरी मुलगी उभी होती. तिनं वहिनींच्या मनगटाला निळा कागदी पट्टा बांधला आणि म्हणाली, "एन्जॉय करा हं, आजी."

"करते की," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज सुनेला ओळखीचा होता. असा आवाज लागला की घरात भांडी जरा जपून ठेवायची असतात.

वहिनी ही काही कोणा एकाची वहिनी नव्हती. बासष्ट साली ती आपल्या नणंदेबरोबर या चिनीमातीच्या कारखान्यात रंगशाळेत लागली. नणंद दोन वर्षांनी लहान, पण नात्यानं वन्सं. ती खोलीच्या या टोकावरून त्या टोकाला "वहिनी, कुंचला दे गं" म्हणून हाक मारायची, म्हणून बाकीच्या चाळीसजणीही वहिनी म्हणू लागल्या आणि मग मुकादमसुद्धा. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं. नणंदेचंही तसंच. ती डाव्या हातानं रंगवायची, म्हणून ती डावरी.

कारखाना बंद पडल्यावर वहिनींनी शहर सोडलं होतं आणि लेकाकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या होत्या. त्या वर्षी लेकाला त्या शहरात दोन दिवसांचं काम निघालं, तेव्हा सून म्हणाली, आई, तुम्ही एवढी वर्षं तिथे काढलीत, पण शहर पाहिलंत का कधी? चला, आपण दोघी टुरिस्टासारखं फिरू. खरंच होतं ते. ज्या घड्याळाच्या टोल्यांवर वहिनी चोवीस वर्षं धापा टाकत धावल्या, त्या मनोऱ्यावर त्या कधी चढल्या नव्हत्या. सोमवारी चढल्या. वरून शहर बघून हरखल्या, आइस्क्रीम खाल्लं, नदीवरच्या जुन्या पुलावर सुनेला फोटो काढू दिला. मंगळवारच्या बसचा तिसरा थांबा हा कारखाना होता, आता संग्रहालय झालेला. छापील पत्रकात त्याला 'निळ्या वेलीचं माहेरघर' म्हटलं होतं.

आत शिरल्यावर पहिला राग आला तो वासाचा. वासच नव्हता. ओल्या मातीचा, टर्पेंटाइनचा, चाळीस बायकांच्या घामाचा जो वास वहिनींना झोपेतही ओळखता आला असता, तो घासूनपुसून काढला होता. भिंती पांढऱ्या शुभ्र. आणि भट्टीखात्यात, जिथे त्यांच्या नवऱ्याच्या छातीत मातीची धूळ बसली आणि बावन्नाव्या वर्षी त्याला घेऊन गेली, तिथे कॉफीची टेबलं मांडली होती. एक जोडपं भट्टीच्या तोंडात बसून केक खात होतं.

माहिती सांगणारी मुलगी जेमतेम पंचविशीची होती. गळ्यात ओळखपत्र, हातात छोटी काठी. तिच्यामागे पंधरा-सोळा माणसं चालली होती. ती म्हणाली, इथले मालक आणि कामगार म्हणजे जणू एकच कुटुंब होतं.

"होतं," वहिनी सुनेला म्हणाल्या. "सावत्र."

सुनेनं हसू दाबलं. पण पुढच्या दालनात तिचं हसू गेलं, कारण वहिनी एका काचेच्या कपाटापुढे उभ्या राहिल्या आणि हलेनात. आत एकटा एक कप होता, त्याच्यावर दिवा सोडलेला. पांढऱ्या कपावर बुडापासून काठापर्यंत चढत गेलेली निळी वेल. शेजारी मोठा फोटो: मालकीणबाई टेबलाशी बसून कागदावर सही करताहेत. मुलगी सांगत होती की एके दिवशी सकाळी बाईसाहेबांना बागेतल्या कुंपणावर वेल दिसली, त्यांनी तिथल्या तिथे ती कपावर उतरवली आणि पुढे ही वेल सातासमुद्रापार गेली.

सातासमुद्रापार गेली हे खरं. बाकीचं काय ते वहिनींना माहीत होतं, आणि अडतीस वर्षं त्या त्याबद्दल अक्षर बोलल्या नव्हत्या.

एकाहत्तर साल होतं ते. जेवणाच्या अर्ध्या तासाच्या सुटीत डावरीनं फेकायच्या टोपलीतून एक वाकडा कप उचलला आणि त्याच्यावर वेल काढली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणासाठी नव्हती. दिवसभर रेघा मारून हात आंबला की माणूस मोकळ्या हातानं काहीतरी करून बघतं, तसं. मुकादमानं पाहिलं. कप गेला ऑफिसात आणि मागोमाग डावरीही. कंपनीचा रंग वाया घालवला, माल खराब केला. साक्षीला वहिनींना बोलावलं. साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. ही वेल हिनं काढली का? वहिनी म्हणाल्या, हो. परवानगी घेतली होती का? वहिनी म्हणाल्या, नाही. तिसरा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि टोपलीतला कप होता साहेब, फेकायचाच होता, हे वहिनी आपणहून बोलल्या नाहीत. नवरा भट्टीवर, दोन पोरं, राहायला कंपनीची खोली. त्यांनी दाखवल्या जागी सही केली. चार वाजता डावरी कामावरून गेली.

रात्री घरी जेवायला कोणी बसेना. डावरीनंच शेवटी सगळ्यांना वाढलं आणि म्हणाली, "तू खोटं कुठं बोललीस, वहिनी? जेव." त्यापेक्षा तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन महिन्यांत घाईघाईनं तिचं लग्न उरकलं, लांबच्या गावी, एका बिजवराशी.

सहा महिन्यांनी रंगशाळेत नवा नमुना आला. सरळ, गुळगुळीत कप आणि त्याच्यावर पानापानानं तीच वेल. मालकीणबाईंची रचना आहे, मुकादम म्हणाला, एक पान इकडचं तिकडं होता कामा नये.

आता कपाटापुढे उभ्या वहिनींना मुलीचा आवाज ऐकू येत होता, पण शब्द कळत नव्हते. कानशिलं तापली होती.

"ही वेल तुमच्या बाईसाहेबांनी काढलेली नाही," त्या म्हणाल्या.

सगळे वळले. मुलगी गोड हसली. म्हाताऱ्या माणसांशी कसं बोलायचं याचं तिला शिक्षण दिलेलं असावं. ती म्हणाली, "आजी, आमच्याकडे त्याचे कागद आहेत."

"असणारच. त्यातल्या एकावर माझी सही आहे."

सुनेनं दंडाला हात लावला, "आई, जाऊ द्या ना." वहिनींनी तो हात हळूच पण ठामपणे बाजूला केला. एकदा जाऊ दिलं होतं त्यांनी.

त्यांनी मुलीच्या हातातली काठी मागून घेतली आणि काचेवर टेकवली. सांगायला लागल्या. कुंचला टेकतो तिथे पान जाड होतं, सुटतो तिथे त्याला टोक येतं. उजव्या हाताची बाई डावीकडून उजवीकडे जाते, तिच्या पानांची टोकं उजवीकडे. या वेलीची बघा. सगळे वाकले. एक टोपीवाले गृहस्थ नाक काचेला लागेपर्यंत वाकले आणि म्हणाले, "डावीकडं आहेत की हो."

"आणि बाईसाहेब कुठल्या हातानं सही करताहेत?"

सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं.  फोटोतल्या उजव्या हातात सोन्याचं पेन होतं.

मग संग्रहालयाचे व्यवस्थापक आले. तरुणच होते, नम्र होते, हात जोडून बोलत होते. त्यामुळे वहिनींचा राग आणखीच वाढला. उद्धट माणसावर निदान ओरडता तरी येतं. ते म्हणाले, मॅडम, मोठे कलाकार कुठल्याही बाजूनं काढू शकतात.

"काढता येतं," वहिनी म्हणाल्या. "आम्ही चाळीसजणींनी पंधरा वर्षं काढली. मनगटं धरली, रात्री कढत पाण्यात बुडवून बसायचो. कप उपडा ठेवून काढावी म्हटलं तर काठाची ओली रेघ पुसायची. नमुन्यात आहे तशीच हवी, म्हणून उजव्या हातानं डावरीची पानं काढली आम्ही. स्वतःहून कोणी काढील का तशी, ते तुम्हीच बसून बघा."

पलीकडे पाहुण्यांसाठी टेबल मांडलेलं होतं. तिथे कोऱ्या कपावर हौसेनं काहीबाही रंगवायचं, मग तो भाजून पोस्टानं घरी यायचा. व्यवस्थापकांना मागे हटता येईना. ते बसले, कुंचला घेतला, एक पान काढलं. टोक उजवीकडे गेलं. दुसरं काढलं, तेही उजवीकडे. तिसरं मुद्दाम डावीकडे न्यायला गेले तर त्याची पाल झाली. टोपीवाले गृहस्थ मोठ्यानं हसले.

"उठा," वहिनी म्हणाल्या.

त्या बसल्या. चष्मा पुसला, फिरत्या चकतीवर कप ठेवला, बोटानं टिचकी मारून चकती फिरवली आणि कुंचला नुसता टेकवून काठाला रेघ दिली. तेवीस वर्षांत हात लावला नव्हता, पण रेघेचं तोंड जिथून निघालं तिथेच येऊन मिटलं. मग वेल. मनगट उलटं वळवून, खांदा उचलून, एकेक पान मागच्या मागे ढकलत. तिसऱ्या पानाला मनगट ठणकायला लागलं. अकराव्या पानापर्यंत डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ते दुखण्याचं आहे असं सुनेला वाटलं. कच्चा रंग करडा दिसत होता. निळा तो भट्टीतूनच होतो.

शेवटचं पान झालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनींना पाचही बोटांनी थोबाडीत बसल्यासारखं झालं. लोक फोन काढून फोटो घेत होते. मुलीचे डोळे चमकत होते. व्यवस्थापक तर भारावलेच होते. म्हणाले, मॅडम, तुम्ही शनिवार-रविवार इथे येऊन बसाल का? अस्सल कामगार, लोकांना फार आवडेल.

वहिनींनी कुंचला खाली ठेवला.

"बाळा," त्या म्हणाल्या, "मी खेळ करून दाखवायला आले नाही. साक्ष द्यायला आले. लिहून घे."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. टोपली, वाकडा कप, दोन प्रश्न, चार वाजताची वेळ. स्वतःची सहीसुद्धा सांगितली, त्यातून स्वतःला वगळलं नाही. मुलगी वहीत लिहून घेत होती, मध्येच तिचं लिहिणं थांबलं, आणि मग ती पुन्हा लिहू लागली. व्यवस्थापकांनी आश्वासन दिलं की हे वरपर्यंत पोचवू. शेवटी वहिनींनी कप उचलला, उपडा केला आणि तळाला, भट्टीतही पुसणार नाही अशा बेतानं, डावरीचं पूर्ण नाव लिहिलं. माहेरचं आडनाव, पुढे सासरचं. पत्ता लिहायच्या चिठ्ठीवर मात्र काही लिहिलं नाही. "हा इथंच ठेवा," म्हणाल्या.

बसमध्ये सुनेनं खिडकीशेजारची जागा वहिनींना दिली. मग म्हणाली, "आई, एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

"विचारलं कोण होतं?" वहिनी म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "हे आपलं निमित्त झालं. भ्याले होते."

पुढे जे झालं ते असं. मालकीणबाई त्याआधीच वारल्या होत्या, त्यांना यातलं काही कळायचं कारण नव्हतं. डावरी तर त्याच्याही आधी, चौऱ्याण्णव साली, त्या लांबच्या गावी वारली. एका धोब्याच्या दुकानात वीस वर्षं इस्त्री करत होती, डाव्याच हातानं. माहिती सांगणाऱ्या मुलीनं दोन महिन्यांत नोकरी सोडली. का सोडली ते कळलं नाही, पण सोडण्याआधी वहीतल्या त्या पानांची नक्कल तिनं वहिनींच्या पत्त्यावर पाठवली. व्यवस्थापकांना बढती मिळाली. मुकादम म्हातारपणी सगळं विसरला, लोक म्हणायचे बिचारा.

सुनेनं संग्रहालयाला चार पत्रं लिहिली. चौदा महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं की योग्य तो बदल करण्यात आला आहे. वहिनींनी ते उशाखाली ठेवलं. तोवर त्यांना प्रवास झेपत नव्हता, आणि दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

त्या वर्षअखेर सून एकटीच त्या शहरात गेली आणि तिकीट काढून आत शिरली. बदल केलेला होता. बागेची गोष्ट काढून टाकली होती, मालकीणबाईंचा फोटो दुसऱ्या भिंतीवर गेला होता. कपाखाली नवी पाटी होती: रचना, अज्ञात कामगार. शेजारी वहिनींचा कपही ठेवला होता, आता गर्द निळा झालेला. त्याच्याखाली लिहिलं होतं: माजी कामगाराने काढलेली प्रतिकृती.

सुनेनं पहारेकऱ्याला विनंती केली, हा कप एकदा फक्त उपडा करून ठेवाल का? तो म्हणाला, ताई, कपाटाची किल्ली माझ्याकडे नसते. मग ती काचेपुढे गुडघ्यांवर बसली, खाली वाकून बघितलं, बाजूनं बघितलं. फट नव्हती. कप आपल्या तळावर घट्ट, सरळ उभा होता, आणि दोन्ही आडनावांसकट ते नाव त्याच्याखाली होतं.