कोटाची उजवी बाही

राष्ट्राध्यक्षांच्या निवासात एकतीस वर्षं सुई चालवलेल्या मास्तरांना आज सुटायचं होतं. बायको महिन्यापूर्वीच लेकीकडे राहायला गेली होती. पण नोकरीतून मोकळं व्हायच्या कागदावर राष्ट्राध्यक्षांचीच सही लागे, आणि जुने साहेब दोन वर्षं "बघू, बघू" करत होते. काल एकदाचे विरघळले. "उद्या साडेअकराला या. बारानंतर माझ्या सहीला कुत्रं विचारणार नाही."

कागद खिशात घालून मास्तर अकरालाच निघाले, तर नव्या राष्ट्राध्यक्ष होणाऱ्या बाईंच्या खोलीतून हाक आली. बाराला शपथ, आणि उजवा हात वर केला की अख्खा कोट वर चढत होता.

"चार टाके मारा नि मोकळे व्हा," बाईंचा सचिव म्हणाला. "लांबून कोणाला दिसतंय?"

मास्तरांना तेच तर हवं होतं! पण कोट हातात घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. कुण्या शहाण्याने बाही बोटभर पुढे बसवली होती. भर शपथेत उसवली असती. हसं झालं असतं बाईंचं, पण झोप उडाली असती मास्तरांची. जित्याची खोड! त्यांनी सगळी बाही उसवली, आणि मगच घड्याळाकडे पाहिलं. अकरा वीस.

ते दाराकडे धावले. पहारेकरी आडवा आला. "शपथ होईपर्यंत आता कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही."

"अहो, पलीकडच्या दालनात जाऊन येतो. दोन मिनिटं!"

"माझी नोकरी जाईल, मास्तर."

"तुमची जाईल हो, माझी जात नाही त्याचं काय?"

पहारेकरी हसला नाही. मास्तर परत येऊन बसले. घाईघाईत चार लांब टाके घातले, ते बघवेनात म्हणून काढले, पुन्हा बारीक घातले. स्वतःच्याच हातांचा त्यांना संताप आला. बाराला दहा कमी असताना बाही बसली. त्याच वेळी खिडकीतून जुन्या साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडताना दिसली. मास्तरांनी खिशातला कागद चाचपून पाहिला.

बाईंनी हात वर केला. कोट तसूभर हलला नाही. त्या हरखून सचिवाला म्हणाल्या, "लिहून घ्या. माझी पाच वर्षं संपेपर्यंत ह्यांना कुठेही सोडायचं नाही."

"आभारी आहे, बाई," मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

ते अडुसष्ट वर्षांचे होते. त्यात पाच मिळवायचा त्यांना धीर झाला नाही.