मॉरिसचं डावं मडगार्ड

भिंगारच्या बाजारात फक्रुद्दीनचं पत्राकामाचं दुकान होतं. बादल्या, धान्याच्या कोठ्या यांतच त्याची वीस वर्षं गेली. मोटारीला त्याचा हात कधी लागला नव्हता. एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर राहुरीच्या डॉक्टरीणबाई पुष्पावती आपली जुनी मॉरिस घेऊन त्याच्या दारात आल्या. उसाच्या बैलगाडीने मॉरिसचं डावं मडगार्ड पार चिरडलं होतं.

“दुसरं मडगार्ड मुंबईपर्यंत शोधलं, गॅरेजवाल्यांनीही हात टेकले,” बाई म्हणाल्या. “ही गाडी निघायची बंद होऊनच वीस वर्षं झाली म्हणतात. पण चिखल थेट काचेवर उडतो हो. बाळंतपणाला खेड्यापाड्यांत जायचं कसं?”

फक्रुद्दीनने शाबूत उजव्या मडगार्डावरून तळवा फिरवला. घोड्याच्या मानेसारखा बाक, सपाट अशी जागाच नाही.

“करतो,” तो बोलून बसला.

दोन पत्रे वाया गेले. उजवं डोळ्यांसमोर होतं, पण त्याचं डावं रूप काही हाताला येईना. तिसऱ्या दिवशी त्याची बायको मुबारकबी पोलकं बेतताना म्हणाली, “अवो, यवढं काय त्यात? उजव्या बाहीचा कागद पालथा टाकला की डावी बाही निघती.”

फक्रुद्दीन चहा तसाच टाकून उठला. उजव्या मडगार्डावर वीतवीत अंतराने जाड कागद आडवे धरून त्याने बाक कापून घेतले, ते पालथे करून फळ्यांवर उतरवले आणि फळ्या जोडून डाव्या मडगार्डाचा सांगाडा उभा केला. मग वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने ठोकायचा, सांगाड्यावर चढवायचा, फट दिसली की पुन्हा ठोकायचा. फट बोटाएवढी राहिली, मग सुतळीएवढी. शेजारचे दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायला येऊ लागले. त्याला जेवण गोड लागेना. घास तोंडात असतानाच हात मोगरीकडे जायचा.

अकराव्या दिवशी बाईंच्या समोरच त्याने मडगार्ड गाडीला लावलं. तीन बोल्ट सरळ गेले. चौथं भोक तिळभर चुकलं. त्याने गुडघा टेकवून पत्रा हळूच रेटला, तसा बोल्ट आत बसला.

“बसा पुढे,” बाई म्हणाल्या.

गाडी किल्ल्याच्या रस्त्याला लागली. फक्रुद्दीनने रस्ता पाहिलाच नाही. खिडकीतून मान काढून तो मडगार्डाकडे बघत होता.

“वाजत न्हाई, बाई,” तो म्हणाला. “जरा जोरात घ्या की.”

बाईंनी वेग वाढवला.